कातळावरची चार अंडी
तापलेल्या कातळाचा आणि वाळक्या गवताचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातली मार्चमधली एक दुपार आठवते. मालवणजवळच्या शाळेत मी नुकताच चित्रकला शिक्षक झालो होतो. आवडीचा पक्षी काढायला सांगितला, तर एका मुलीने नुसते ठिपकेवाले दगड काढून आणले. "पक्षी खंय गेलो गो? उडालो?" कागद वर्गाला दाखवत मी विचारलं आणि सगळे हसले. ती शांतपणे म्हणाली, "दगड न्हय ते, सर. टिटवेची अंडी ती. येवा, दाखवतंय." शाळा सुटल्यावर मी तिच्यामागून सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळपठारावर गेलो. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. "सर, पाय थंय ठेवू नकात." माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, जांभ्या खड्यांत मिसळून गेलेली चार अंडी होती. टोकं आत वळलेली, काळे ठिपके टोकाकडे विरळ आणि जाड बाजूला दाट. शेजारच्या खड्यांवरही तसेच डाग. मागे सरून मी उन्हातच बसलो आणि ठिपक्यामागून ठिपका वहीत उतरवला. दुसऱ्या दिवशी ती नक्षी रंगीत खडूंनी फळाभर काढली आणि मुलांना चित्रातल्या दगडांतून अंडी शोधायला लावली. वर्गात नुसता जल्लोष. दारात थांबलेले मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, नजर आहे तुम्हाला." मी नुसता हसलो. हे मला तिने दाखवलं, एवढं एक वाक्य मी तेव्हा बोललो नाही. पुढे वीस वर्षं तोच पाठ मी माझा म्हणून शिकवला. त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या.