जन्म वाटणारे तात्या

तात्या आगपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने कान कोरायचे, टोकाला आलेलं उजेडात धरून न्याहाळायचे, धोतराला पुसायचे आणि काडी परत पेटीत ठेवायचे. थोड्या वेळाने त्याच काडीने विडी पेटवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली. ते ओळखून म्हणाले, "बाई, जगात वाया जायला काय बी आलेलं न्हाई. काडीला बी दोन टोकं हायेत."

बेलापूरच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा राहायला त्यांच्याच ओट्यालगतची खोली मिळाली. त्यामुळे हे दर्शन रोजचंच झालं. तात्यांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई, जिला सगळा गाव बया म्हणे आणि जी एकटीच तात्यांना किसन म्हणायची, आणि आईबाप नसलेली पुतणी सुमन. बयाचं हगणं-मुतणं, आंघोळ, भरवणं सगळं सुमन करायची. तात्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला जन्म वाटायचे.

खरंच वाटायचे. प्रत्येक माणसाला देवाने कशासाठी तरी पाठवलंय, असं ते म्हणायचे आणि कशासाठी, तेही स्वतःच सांगायचे. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला फोड आलेल्या बायका संध्याकाळी समोरून जायच्या. त्यांना म्हणायचे, "रडता कशापायी? तुमचा जल्मच कष्टासाठी हाय." पायाने अधू असलेल्या गड्याचा जन्म तात्यांच्या मळ्याची राखण करायला होता. माझा पोरांना शिकवायला, आणि सुट्टीच्या दिवशी तात्यांना पेपर वाचून दाखवायला.

"आणि तुमचा हो, तात्या?" मी एकदा विचारलं.

"आमी बघनारं. कुनीतरी बघाया नको व्हय?" असं म्हणून त्यांनी पेटीतून काडी काढली.

प्रत्येक जन्माला काही अर्थ असतो, एवढी मोठी गोष्ट, पण या माणसाच्या तोंडून निघाली की तिलाही त्या काडीचा वास यायचा.

त्या वर्षी सुमनला नगरला नर्सिंग शिकायला जागा मिळाली. राहणं-जेवण तिथेच. पोरगी हरखून गेली होती. तात्यांनी ओट्यावरून उठायचेही कष्ट न घेता तिला गप्प केलं. "सुमीचा जल्म बयाच्या सेवेसाठी हाय. देवाच्या मनात न्हाई तर कुठं जाती?"

मी भांडले. कामाला बाई ठेवा म्हटलं. "समद्या खडीवर गेल्या. आन् घरची पोर असताना बाई कशाला?" असं म्हणून ते समोरच थुंकले. त्या दिवशी त्यांची जी शिसारी आली, ती काडी पाहूनही कधी आली नव्हती.

आत पडल्या पडल्या बया सगळं ऐकत होती. रात्री सुमनने दुधात भाकरी कुस्करून नेली तर तिने तोंड फिरवलं. "हिच्या हातचं आता पानी बी घ्यायची न्हाई," म्हणाली. सकाळीही तेच. दुपारीही तेच. तात्या आधी ओरडले, मग काकुळतीला आले. "बये, लोक काय म्हनतील मला?"

"किसननं आय उपाशी मारली म्हनतील. पोरीला धाड, मग खाईन."

"आन् तुझं कोन करनार?"

"तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती एकच विचारत राहिली, "बया खाईल ना हो, बाई?" मला काय ठाऊक होतं? मी हो म्हटलं आणि भराभर घरी परतले.

तात्या मागच्या दाराने बाहेर येत होते. नाकातोंडाला उपरणं आवळलेलं, हात होता तेवढा लांब धरलेला, आणि हातात बयाचं घाणीचं भांडं. डोळ्यांना पाणी आलेलं, ओकाऱ्या आवरत नव्हत्या. मला त्यांची दया आली नाही, उगाच खोटं कशाला सांगू? पुढे बया जाईपर्यंत तिचं सगळं त्यांनीच केलं, रोज कुरकुरत केलं. ओट्यावरचं जन्म वाटणं मात्र त्या दिवशी जे थांबलं, ते थांबलंच.

मी आत गेले. बयाच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ होता, म्हणजे खाल्लं होतं. मला जवळ बसवून ती हळूच म्हणाली, "मला कदीपास्नं भरवसा हुता, बाई. देवानं किसनला बी कशासाठी तरी धाडला असंल. लई वाट बघाय लावली, एवढंच."