खांबामागची दुभाषी

अंबरनाथच्या मैत्रेयीला जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणूनच की काय, तिच्याशी ओरडून बोलायची लोकांना फार हौस. बँकेत, दवाखान्यात सगळे तिच्या कानाशी येऊन बोंबलत. एक बकुळाताई तेवढ्या हातांनी बोलत. खरवईला राहणाऱ्या या बाई खुणांच्या भाषेच्या दुभाषी. मैत्रेयीची आई आजारी पडली तेव्हा डॉक्टर ताईंना म्हणाले, "मुलीला जरा कमीच सांगा." ताईंनी सगळं सांगितलं, वर डॉक्टर असं म्हणाले हेही सांगितलं. आईशी शेवटचे चार दिवस मैत्रेयीला मनातलं बोलता आलं ते त्यामुळे.

पुढे दोन वर्षं खपून तिने दुभाष्यांची चौदा चित्रं काढली. बदलापूरच्या एका मंडळाने मोठ्या मनाने प्रदर्शन भरवलं. मन इतकं मोठं, की बॅनरवर माजी नगरसेवक आण्णांचा फोटो दरवाज्याएवढा आणि मैत्रेयीचं नाव पोस्टाच्या तिकिटाएवढं.

उद्घाटनाला बकुळाताई स्टेजवर उभ्या राहिल्या, तोच मंडळाचा संतोष धावत आला. "मॅडम, जरा साइडला व्हा ना. आण्णा फ्रेममध्ये येत नाहीयेत."

दुभाष्यांच्या सन्मानाला आलेली दुभाषी खांबामागे गेली. मैत्रेयीला पंचवीस मिनिटं आण्णांच्या मिशा तेवढ्या हलताना दिसल्या. भाषण रटाळ आहे, एवढं त्यावरूनही कळलं.

मग तिच्या हातात माइक दिला गेला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने तो आण्णांच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी बोलू लागली.

"काय म्हणतेय ती?" आण्णा गोंधळले. संतोष खांबाकडे पळाला.

बकुळाताई पुढे आल्या. मैत्रेयीचे हात चालू, ताईंचा आवाज चालू. "आण्णा एवढा वेळ बोलले, मला एक शब्द कळला नाही. सांगणारी बाई तुम्ही खांबामागे उभी केली होती. आता पुन्हा भाषण करा."

"असं ती म्हणाली?"

"शब्दन् शब्द."

आण्णांनी पुन्हा भाषण केलं. या वेळी ते दोन मिनिटांत आटपलं. सांगण्यासारखं तेवढंच असावं. लोकांनी टाळ्या मात्र मनापासून वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर बकुळाताई स्वतःच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. डोळे पुसून त्यांनी खुणेने विचारलं, "माझं नाक एवढं मोठं आहे?"

मैत्रेयीने नाक आणि चित्र दोन्ही नीट पाहिलं. "थोडं लहानच काढलंय," ती हातांनी म्हणाली.