गच्चीवरचा कपाटाचा दरवाजा

सकाळी वाचनालयाच्या खिडक्या उघडत होतो, तेव्हा रनाळ्याहून जगनच्या बहिणीचा फोन आला. "वामनभाऊ, जगनदादा गया..." सुटीवर घरी आलेला, ओट्यावर चहा पीत बसलेला, छातीत कळ आली आणि संपलं. त्याला आता दीड महिना होत आला. नवल असं की त्या क्षणी मला त्याचा चेहरा आठवला नाही. आठवला तो त्यांच्या गच्चीवर ऊन खात उभा असलेला लोखंडी कपाटाचा दरवाजा. आणि रडू फुटायच्या आधी मला चक्क हसू आलं.

जगन माझा शाळेपासूनचा मित्र. मी पुस्तकांत रमलो आणि नंदुरबारच्या वाचनालयात स्थिरावलो. तो वैमानिक झाला. लहान शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीत, पंख्यांवर उडणारी सत्तरेक आसनांची विमानं तो चालवायचा. त्याला सुरतेहून नागपूरकडे जाणारा मार्ग मिळाला, त्या दिवशी फोनवर त्याचं ओरडणं वाचनालयातल्या सगळ्या वाचकांनी ऐकलं असेल. "वामन, आपलं गाव वरतून दिखस रे! मिरचीन्या पथाऱ्या अश्या लाल दिखतस, जसं मायनी लुगडं वाळत टाकेल शे!" फक्त घर कुठलं ते ओळखू येत नाही, एवढीच त्याची खंत होती.

ही खंत त्याच्या मायनं मिटवली. नव्या कपाटाच्या दाराला उभा आरसा होता. तिनं मला बोलावलं, हातात पेचकस दिला आणि म्हणाली, "काढ ते दार." मी आणि तिनं ते दार जिन्यावरून ओढत गच्चीवर नेलं. दहाच्या सुमारास पश्चिमेकडून घरघर आली आणि माय आरशावरचं ऊन वर फेकायला दार डावी-उजवीकडे कलवू लागली. शेजारच्या बाया आपापल्या गच्च्यांवर उभ्या. आणि आकाशातल्या त्या पांढऱ्या ठिपक्यावर, भर उन्हात, दोन दिवे लागले, विझले, पुन्हा लागले! विमान उतरवताना लावायचे ते दिवे. काय गलका उठला गावात! माय दार सोडून टाळ्या वाजवायला गेली आणि मी ते पोटाशी धरून ठेवलं, नाहीतर आरसा तेव्हाच फुटला असता.

मग हा रोजचा नेम झाला. पुढं कधीतरी जगनचा फोन आला. "माय, आठ दिन व्हई ग्यात, चमक दिखनी नही."

"दिखनी कशी नही? दार धरी धरी मन्हा हात दुखी ग्यात!"

उलगडा झाला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. त्याच मार्गावर दुसऱ्या एका कंपनीनं विमान सुरू केलं होतं, आणि प्रवासी पळवायला म्हणून ते जगनच्या विमानाच्या थोडंसं आधी सोडत. माय पहिलं विमान आलं की आरसा दाखवून, दिव्यांची वाट न बघता खाली उतरायची. आठ दिवस सारं गाव मुलाच्या प्रतिस्पर्ध्याला मानवंदना देत होतं! जगन हसता हसता म्हणाला, "माय, ते तर आमना पोटवर पाय देणारं इमान शे." माय शांतपणे म्हणाली, "मंग काय व्हयनं? त्यामाबी कोन्हा तरी पोऱ्या व्हईच ना?" दुसऱ्या दिवसापासून ती दोन्ही विमानांना आरसा दाखवू लागली.

जगनचं 'पोटावर पाय' हे नुसतं थट्टेतलं नव्हतं. दोन्ही कंपन्यांनी तिकिटं इतकी उतरवली की काटकसरीला काही धरबंध उरला नाही. विश्रांतीचे तास कापले, नवीन पोरांना कायम करणं थांबलं, आणि विनाकारण दिवे लावल्यानं त्यांचं आयुष्य घटतं अशी सूचनाही आली. जगननं दिवे लावणं सोडलं नाही. पण सुटीवर आला की म्हणायचा, "मोलगीच्या डोंगरातून ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादम निदान हंगाम कधी संपणार ते सांगतो. आम्हाला तेही नाही." आणि एके दिवशी त्याची कंपनी बंदच पडली. पन्नाशीचा, टोपी-गणवेशासह घरी बसलेला माणूस. पहिलं विमान गेलं की तो गच्चीवर नुसता आवाज ऐकत राही... दुसरं आता येत नव्हतं.

तेवढ्यात त्या दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. उद्याच हजर व्हा! जगन अंगणात नाचायचा तेवढा बाकी राहिला. मग त्याला कारण कळलं. तिथले वैमानिक जास्त तास आणि कमी विश्रांती हे नियम मानायला तयार नव्हते, आणि त्यांच्या जागी बसायला कंपनीला बाहेरची माणसं हवी होती. दोन दिवस तो जेवला नाही. उडणं हाच त्याचा श्वास होता, आणि या वयात दुसरी संधी कुठली? तिसऱ्या दिवशी सकाळी माय नेहमीसारखी दार कलवत होती, तो शेजारी उभा होता. विमान गेल्यावर त्यानं तिथूनच फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मी विचारलं, "का रे?" म्हणाला, "मायनं रोज ज्याला आरसा दाखवला, त्याच्या खुर्चीत मी कसा बसू?"

वर्ष सरलं. तिथल्या वैमानिकांनी चिकाटी धरली आणि विश्रांतीचे तास परत मिळवले. मग त्या कंपनीतल्या कॅप्टन सोलंकींचा जगनला फोन आला. जागा निघाली होती, अटी सरळ होत्या. बोलता बोलता ते म्हणाले, "तुम्ही रनाळ्याचे? तिथे रोज कोण चमकवतं हो आम्हाला? आम्ही समजत होतो, गाव आमच्या कंपनीवर खूश आहे!"

जगन पुन्हा उडाला, त्या दिवशीची गच्ची मी कधी विसरणार नाही. माय दार हलवते आहे, बाया ओरडताहेत, आणि एकेकाळी चुकून सलामी घेणाऱ्या त्याच पहिल्या विमानाचे दिवे लागताहेत, विझताहेत, लागताहेत! माय एवढंच म्हणाली, "आते एकदावच दार धरनं पडी. बरं व्हयनं."

परवा मी रनाळ्याला गेलो. कपाट अजून उघडंच, आत मायची लुगडी घडी घातलेली दिसतात. दहा वाजत आले तशी माय जिना चढली, मी मागोमाग. तिचे हात आता थरथरतात, म्हणून दार मी धरलं. घरघर आली; ते विमान आता जगनचे सोबती चालवतात. मी दोन्ही हातांनी ते छातीशी गच्च धरून उभा होतो, डोळे भरलेले, वर बघवेना. ठिपका डोक्यावर येऊन पुढं सरकू लागला तशी माय खेकसली, "वामन, पुस्तकना सारखं कसाले धरेल शे? वाकाड ना जरासं! ऊन सरकी गयं!"

मी दार कलवलं. वर दिवे लागले.