लातूर कितव्यात?

इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. नळाला पाणी आलं होतं. एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने मी मोबाइलवर हॉकीचा निकाल बघत होते. हॉकी म्हणजे बर्फावरची, कॅनडा-अमेरिकेतली. तिथे संध्याकाळी खेळतात तेव्हा नांदेडला सकाळ असते. इक्बालभाई म्हणाले, "मंगलताई, रेहाना गेली." मी "बरं" म्हणाले. टाकी भरेपर्यंत थांबले, पाइप गुंडाळून ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या वहीत लिहिलं: सनाला फोन, रजेचा अर्ज, अहमदपूरमार्गे लातूरची बस, गॅस बंद. चारही कामं झाली. सनाला फोन हे सगळ्यात वर लिहिलं होतं, ते मी सगळ्यात शेवटी केलं.

त्याला आता दीड महिना झाला. रेहाना माझी तीस वर्षांची मैत्रीण, आणि सना तिची एकुलती एक मुलगी, कॅनडात नर्स आहे. मी अजून रडलेले नाही. लोक विचारतात तेव्हा सांगते की हो, त्रास होतोय. खरं म्हणजे काहीच होत नाही. ऑफिसला जाते, भाजी आणते, याद्या करते. हा लेखही कामांच्या यादीत तीन आठवडे होता.

जळकोटला एका सरकारी कचेरीत आम्ही दोघी एकाच आठवड्यात रुजू झालो. मी आवक-जावक बघायचे, ती आस्थापनेला. गावात आमचं दोघींचंही कोणी नव्हतं, म्हणून एक खोली मिळून घेतली. मी खोलीत आल्या आल्या भिंतीवर कामांची पाळी लावली: पाणी, झाडू, भांडी. रेहानाने ती वाचली आणि म्हणाली, "अगं, खोली हाय का तुरुंग?" पण पाळी पाळली. तिला नावं लक्षात राहत नसत, म्हणून ती सगळ्यांना स्वतःची नावं द्यायची. साहेब सावकाश बोलायचे, त्यांना पॅसेंजर. घरमालकीण दर तासाला डोकावायची, तिला घड्याळ. मला तिने काय नाव दिलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की हसायची... पुढे तिचं लग्न झालं. इक्बालभाईंचं लातूरला गाद्या-रजयांचं दुकान, तिने बदली करून घेतली. माझी नांदेडला झाली. तेव्हापासून रविवारी सकाळी फोन, हे ठरलेलं.

हॉकी आली ती सनामुळे. तिच्या वॉर्डात दर वसंतात सगळ्या नर्सा एक कागद भरतात. हंगाम संपला की सोळा संघ उरतात, पहिल्या फेरीत त्यांच्या आठ जोड्या. एका जोडीत जास्तीत जास्त सात सामने, साधारण एक दिवसाआड. चार सामने आधी जिंकेल तो पुढे, दुसरा घरी. आपण फक्त एवढंच आधी लिहून द्यायचं, की कोण जिंकेल आणि कितव्या सामन्यात. सनाला वॉर्डात करमत नव्हतं, तिने तो कागद आईला पाठवला. रेहानाने लगेच मला फोन लावला.

"मंगल, पोरीने कागद पाठवलाय. सोळा जणांची आठ लग्नं लावायचीत."

"लग्नं नाहीत, सामने आहेत."

"तेच की. कोण कोणाला पुरून उरतं ते सांगायचंय. तू यादीवाली हायस, तू बस माझ्यासंगं."

संघांची नावं तिच्या तोंडी बसेनात, म्हणून तिने सोळा संघांना आपली सोळा गावं वाटून टाकली. सनाच्या शहराचा संघ तो जळकोट. मग धर्माबाद, देगलूर, उदगीर, निलंगा, चाकूर, लोहा... मी तक्ता केला, एका बाजूला तिकडचं नाव, दुसऱ्या बाजूला आपलं. विजेता बरोबर आला तर एक गुण, कितव्यात तेही बरोबर आलं तर आणखी एक. सना म्हणायची, "खाला, इंग्रजीत कितवा हा शब्दच नाही. मी इथल्या बायांना शिकवलाय. त्या म्हणतात, कितव्या, कितव्या." खाला म्हणजे मावशी. ती मला मंगलखाला म्हणते.

मी अंदाज करायचे तो बघून. हंगामात कोणी किती गोल खाल्ले, कोणाचा कोण जायबंदी आहे, पहिला सामना कोणाच्या मैदानावर आहे. पाच किंवा सहा लिहायचे, क्वचित चार. रेहाना सनाने पाठवलेल्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती बघायची आणि फक्त गोलकीपरकडे लक्ष द्यायची. या हॉकीत चेंडू नसतो, रबरी चकती असते, आणि ती अडवायला गोलकीपर अंगावर जाडजूड संरक्षण बांधून उभा असतो. "बघ, आमच्या दुकानातली आख्खी डबलची गादी बांधलीया यानं," ती म्हणायची. "पण याची गादी घट्ट हाय. त्या देगलूरवाल्याचा कापूस एका बाजूला सरकलाय. तो चकती खाली सोडणार." नवल म्हणजे गोलकीपरच्या बाबतीत ती बरेचदा बरोबर यायची. पण गुण मिळायचे मला, कारण विजेता कोणीही असो, ती पुढे सातच लिहायची. आठही जोड्यांपुढे सात. मी चिडायचे. सगळ्या मालिका सातव्यापर्यंत जातच नाहीत, हे मी तिला मागच्या वर्षांचे निकाल काढून दाखवलं.

"तुला संपवायची एवढी काय घाई हाय?" ती म्हणाली. "चौथ्यात संपली तर परवा सकाळी उठून मी काय बघू?"

"अंदाज म्हणजे काय होईल ते लिहायचं. काय व्हावं ते नाही."

"मग लिही तू तुझा पंचनामा."

एकदा आम्ही दोघी जळकोटला जुन्या सहकाऱ्याच्या घरी लग्नाला गेलो होतो. परतताना बसमध्ये रेहाना मोठ्याने म्हणाली, "काही म्हण, उद्या धर्माबाद संपतंय. देगलूर न्हाई सोडत त्याला." पुढच्या सीटवरच्या बाई गर्रकन वळल्या. "काय झालं ओ धर्माबादला? माझी लेक दिलीया तिथं." रेहानाने तोंडावर पदर घेतला, तिचे खांदे हलत होते. मी बाईंना सगळं नीट समजावून सांगितलं, बर्फ, चकती, सोळा संघ. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन काढून लेकीला लावला. लेक बरी आहे हे कळल्यावरच त्या आमच्याशी पुढे बोलल्या.

मागच्या पावसाळ्यात रेहानाला पोटाचं दुखणं निघालं. उपचार झाले, मधे बरी झाली, जानेवारीत पुन्हा आडवी झाली. मी शनिवारी दुपारची बस धरून जायचे, रविवारी संध्याकाळी परत. औषधांचा तक्ता मीच केला होता. एप्रिलमध्ये मी सलग आठ दिवस रजा टाकून गेले. सनाने कागद पाठवला होता. मी वाचून दाखवायचे, रेहाना बोटांनी सातची खूण करायची.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी इक्बालभाईंना आणि मला बाहेर बोलावलं. मुलीला बोलवायचं असेल तर आता बोलवा, म्हणाले. इक्बालभाई भिंतीला टेकले. "मंगलताई, तुम्हीच सांगा सनाला. माझ्याने न्हाई व्हायचं." सनाची अडचण अशी की नोकरी नुकतीच बदललेली, रजा फक्त दहा दिवसांची आणि एकदाच. फार आधी आली तर आईला तसंच सोडून परत जावं लागणार. उशिरा आली तर... म्हणून ती रोज मला विचारायची आणि मी म्हणायचे, डॉक्टरांशी बोलून सांगते. आता बोलणं झालं होतं. त्या रात्री मी वहीत लिहिलं: पाच. आमच्या हिशोबाने पाचवा सामना म्हणजे आठ-नऊ दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनाचा फोन रेहानाच्याच मोबाइलवर आला. रेहानाला कानाशी धरवत नव्हता म्हणून तो स्पीकरवर लावून उशीशी ठेवलेला असायचा. मी उचलून "हॅलो" म्हणाले. रेहाना डोळे मिटून होती, मला वाटलं झोपलीय. स्पीकर चालू आहे हे सनाला माहीत नव्हतं. तिचा आवाज खोलीभर आला.

"खाला, एकच सांगा. लातूर कितव्यात?"

लातूर आमच्या सोळा गावांत नव्हतं. मला कळायला वेळ लागला नाही. रेहानाने डोळे उघडले. तिलाही कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे, आम्ही कागद भरायला बसलो की माझ्याकडे बघायची तशीच, मी काय लिहिते ते बघायला.

मी म्हणाले, "सातव्यात."

"नक्की?"

"हो. सातव्यापर्यंत जाईल."

रेहानाने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "शिकली की गं." सातवा सामना तेराव्या दिवशी येतो, म्हणून सनाने बाराव्या दिवसाचं तिकीट काढलं. मंगलखाला उगाच सात म्हणत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी व्हरांड्यात जाऊन लगेच उलटा फोन करू शकत होते. वहीत तसं लिहिलंही, सनाला खरं सांगणे. पण त्याच दुपारी रेहाना उशीला टेकून बसली, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि इक्बालभाईंच्या शर्टाचं बटण तुटलंय म्हणून त्यांना बोलली. मी मनात म्हणाले, उद्या करू फोन. तीन सामने हरलेला संघ चौथा जिंकला म्हणजे मालिका फिरत नाही, हे मी रेहानाला किती वेळा सांगितलं असेल. उद्याही ती बरी होती. परवा माझी रजा संपली, मी नांदेडला आले. सहाव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इक्बालभाईंचा फोन आला.

त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर तिला नेलं. मी बायकांमध्ये बसले होते, दारातून जनाजा जाताना दिसला. सना पोहोचली तिसऱ्या दिवशी दुपारी, तिकीट बदलून, हैदराबादहून गाडी करून. पायातले बूट न काढता आत आली, मोकळ्या कॉटकडे बघितलं आणि बूट काढायला पुन्हा बाहेर गेली. चार दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. पाचव्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो तेव्हा तिने विचारलं.

"खाला, तुम्हाला खरंच सात वाटलं होतं?"

"नाही. पाच वाटलं होतं."

ती ताट पुसत राहिली. कोरडं झालं तरी पुसत होती.

"मग पाच म्हणायचं होतं."

"तुझी आई ऐकत होती. स्पीकर चालू होता."

"असू दे की," सना म्हणाली. "ऐकलं असतं तिने. मी त्याच रात्री निघाले असते." मग ताट ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीच एक होता, ज्या बघून सांगायच्या."

तिने दुसरं ताट घेतलं, मी वाट्या घेतल्या. दहा दिवस झाल्यावर ती परत गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली, पण त्याचा अर्थ माफ केलं असा मी धरला नाही. हैदराबादला जाताना गाडीत खायला मी डबा दिला होता. कॅनडात पोहोचल्यावर तो खाल्ल्याचा निरोप तिने पाठवला. तेवढाच.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला. रेहानाच्या नेहमीच्या वेळी, रविवारी सकाळी. "खाला, अब्बा मला काहीच सांगत नाहीत. सगळं ठीक आहे म्हणतात. तुम्ही जाऊन बघाल?" मी वहीत लिहिलं आणि पुढच्याच शनिवारी गेले. आता एक आड एक रविवार लातूरला असते. इक्बालभाईंना साखर आहे. पायाच्या अंगठ्याजवळ जखम आहे, ती त्यांनी मोज्यात झाकून ठेवली होती. मी पहिल्या रविवारी मोजा काढायला लावला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं.

रेहानाच्या खोलीत कॉट आता भिंतीला लावलेली आहे. आम्ही तिथेच बसतो, ते कॉटवर, मी खुर्चीवर. सनाचा फोन आला की मी स्पीकर लावते आणि मधे स्टुलावर ठेवते. परवा तिला आधी तेच सांगितलं, की स्पीकर चालू आहे, अब्बा समोर बसलेत, ऐकताहेत. मग सांगितलं: साखर जास्त आहे. दुकानात दोन तास बसतात, मग थकतात. जखम भरत नाहीये. डॉक्टर म्हणतात, पायाचं बोट काढावं लागेल, आणि लवकर.

इक्बालभाईंनी पाय कॉटखाली ओढून घेतला आणि खिडकीकडे बघू लागले.

"अजून?" सनाने विचारलं.

"अजून दोन गोष्टी आहेत," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच दोन्ही सांगितल्या.