चाकाखालची बी

लिंबू चिरलं की त्या वासाने मला तो दसरा आठवतो. बाबांनी आयुष्यभर अक्कलकुवा-मोलगी घाटात चालवलेली जीप नुकतीच विकली होती आणि पूजेला दारात गाडी नव्हती. आईने माझ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या संग्रहातली तशीच बोटभर लोखंडी जीप पाटावर ठेवली. "हाई बी गाडीच शे ना?" म्हणत तिने बॉनेटला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. चाकाखाली ठेवायचं लिंबू मात्र चाकाहून मोठं निघालं. जीप त्यावर चढणं शक्यच नव्हतं. "चढाव नही," म्हणत बाबांनी ते चिरलं, आतली एक बी चाकाखाली ठेवली आणि दोन बोटांनी जीप पुढे ढकलली. तेव्हा त्यांचा डावा पाय जमिनीवर क्लच दाबत होता. आता दुसरे संग्राहक बॉनेटवरचा डाग पाहून हळहळतात. मी सांगतो, ही कोरी नाही, चाललेली आहे.