तळ्याकाठी शैलावहिनी

शैलावहिनी गेल्याचं मला फॅमिली ग्रुपवर कळलं. सगळ्यांना कळलं तसंच, एका ओळीत, इंग्रजीत. मी तेव्हा बुकित बातोकच्या बाजारात उभी राहून कोथिंबीर निवडत होते. ती जुडी तशीच हातात धरून मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसले, ज्युरोंग ईस्टला गाडी बदलली आणि पासिर रिसला त्यांच्या दारात पोहोचले, तेव्हा कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली. खरं तर मला फोन यायला हवा होता. आम्ही दोघी सख्ख्या जावा, पंचवीसएक वर्षं परदेशातल्या या बेटाच्या दोन टोकांना राहून एकमेकींच्या घरातलं मीठसुद्धा कुठे ठेवलंय ते जाणणाऱ्या. पण फोन आला नाही, कारण त्यांचा मुलगा केदार माझ्याशी बोलत नव्हता. का बोलत नव्हता, तेच सांगायला हे लिहायला बसले आहे. बसले कसली... दोन ओळी लिहिते आणि उठून ओटा पुसून येते. काही आठवडे झाले, माझं हे असंच चाललंय.

वहिनींचा पोटातला कॅन्सर एकदा बरा होऊन परत उलटला होता. डॉक्टरांनी केमोची दुसरी फेरी सांगितली, आणि ती सुरू व्हायच्या आधी थोडे दिवस मोकळे होते. मी म्हटलं, चला, आपण दोघीच कुठेतरी जाऊन नुसत्या बसू. जपानमध्ये डोंगरातल्या एका तळ्याकाठी रिओकान होतं, म्हणजे जुन्या पद्धतीची सराय. चटयांच्या खोल्या, गरम पाण्याचे झरे, जेवण खोलीत आणून देतात, अंथरूणही तेच घालतात. केदारने लगेच परवानगी दिली. "गो, आई, मस्त रीचार्ज होऊन ये. मग केमो स्टार्ट करू." इथेच वाढलेला मुलगा, बत्तीस वर्षांचा इंजिनिअर, पण आईच्या बाबतीत अजून शाळेच्या बसची वाट बघत असल्यासारखा.

आता ज्यांनी वहिनींना पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की "नुसतं बसणं" हे त्यांना जन्मात जमलं नाही. आमच्या खोलीची व्यवस्था बघायला त्यांच्याच वयाची एक बाई होती. ती गुडघ्यांवर बसून चहा ठेवायला लागली, तर वहिनीही गुडघ्यांवर बसून ट्रेची दुसरी बाजू धरून मोकळ्या. सकाळी मी उठते तो काय, दोन्ही अंथरुणं उचललेली, चादरींच्या घड्या चौकोनी, रात्रीच्या चहाचे कप विसळून पालथे. ती बाई आली आणि घाबरलीच. तिला वाटलं आमची काहीतरी तक्रार आहे. ती वाकून माफी मागायला लागली, म्हणून वहिनीही वाकल्या, म्हणून ती आणखी वाकली. मी चिडून म्हटलं, "वहिनी, पैसे दिलेत आपण यासाठी." तर म्हणाल्या, "म्हणून काय झालं? माझ्या वयाच्या बाईला माझं अंथरूण उचलायला लावू?" मात्र जेवणावर त्या खूश होत्या. माहेर अलिबागचं, त्यामुळे माशांची पंचाईत नव्हती. शेवटी भात आला तेव्हा तर मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ गं, यांच्यातसुद्धा मागचा भात असतो."

अंघोळीचं प्रकरण त्याहून वरताण. सगळ्या बायकांनी एकत्र, अंगावर काही न घालता कुंडात उतरायचं. "वज्रेश्वरीला निदान साडी नेसून उतरता येतं," असं पुटपुटत का होईना, पण त्या आल्या. आधी एका बुटक्या स्टुलावर बसून, छोट्या बादलीने पाणी घेऊन अंग स्वच्छ धुवायचं असतं. ते बघितलं आणि त्यांचा सगळा संकोच गेला. "अगं, ही तर आपली मोरी." मग काय, माझी पाठ घासून झाली, स्वतःची झाली, आणि मी डोळ्यांतला साबण धुतेय तोवर बाईंनी बाहेरून आणलेला आपला गाऊन बादलीत खळबळून, पिळून, झटकलासुद्धा. अंघोळ झाली की अंगावरचे कपडे पिळून टाकायचे, हा साठ वर्षांचा हात, तो जपानमध्ये कसा थांबेल? शेजारची जपानी आजी बघत राहिली, आणि मग तिने आपलं स्टूल हळूच पलीकडे सरकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ऑपरेशनच्या व्रणावर हात दाबून हसल्या, दुखत होतं म्हणून.

शेवटच्या सकाळी बाहेरच्या कुंडात आम्ही दोघीच होतो. समोर तळं, त्यावर वाफेसारखं धुकं. वहिनी पाण्यात उतरायच्या, की लगेच वर येऊन काठावर बसायच्या, परत उतरायच्या. मी म्हटलं, "एका जागी बसा की हो." तेव्हा त्या बसल्या, आणि पाणी ओंजळीने उडवत म्हणाल्या, "अंजू, मी आता केमो घेणार नाही." मला वाटलं, भीतीने बोलतायत. पण तसं नव्हतं. "दोन-चार महिने जास्त मिळतील म्हणतात. ते सगळे उलट्या करण्यात जाणार. त्यापेक्षा जेवढे आहेत तेवढे मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहीन. केदारला तू सांग."

"मी? मुलगा तुमचा आहे."

"म्हणूनच. तो समोर बसून रडला ना, तर मी हो म्हणेन."

मी भांडले. अगदी कडाकडा भांडले, त्या शांत तळ्याकाठी शोभेल न शोभेल याची पर्वा न करता. म्हटलं, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "बरंच वाटतंय. म्हणून तर विचार करता आला."

परत आल्यावर मी पासिर रिसला गेले आणि जेवणाच्या टेबलाशी सांगून टाकलं. केदार उभाच राहिला. "काकू, हू आस्क्ड यू? तुला कोणी सांगितलं डिसाइड करायला? जपानला नेऊन तू तिच्या डोक्यात भरवलंस हे." मी वहिनींकडे पाहिलं. आता त्या म्हणतील, की नाही रे, हे माझं आहे. त्या उठल्या आणि कुकरखालचा गॅस बारीक करायला आत गेल्या... बाहेर आल्या त्या हात पुसत. फक्त म्हणाल्या, की आता ठरलं ते ठरलं.

लिफ्टपाशी त्या मला सोडायला आल्या तेव्हा मी रागाने बटण दाबतच राहिले. म्हटलं, "मला का असं तोंडघशी पाडलंत?" त्यांनी माझा दंड धरला. "तो आता कुणावर तरी रागावणारच, अंजू. माझ्यावर रागावला तर मी गेल्यावर तो राग घेऊन कुठे जाईल? तू आहेस, तू भांडखोर आहेस, तुला पचेल." लिफ्ट आली. मी नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर त्या म्हणाल्या तशाच राहिल्या. गणपतीत मोदक स्वतः वळले, माशाची तुकडी कुणाला हातात घेऊ दिली नाही, आणि मग एकदम अंथरूणच धरलं. मी भेटायला गेले की केदार खाली कॉफी प्यायला निघून जायचा. त्या बघायच्या, मी बघायची, आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलायचो.

आता गेले काही रविवार केदार माझ्याकडे येतो. पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा मला वाटलं, निवळला. कसलं काय. तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि भांडतो. "केमो घेतली असती तर दिवाळीपर्यंत राहिली असती, नो?" मी म्हणते, "असती रे, कदाचित." त्याचा आवाज चढतो, मी पोळ्या लाटत राहते. माझ्या जिभेवर सगळं येतं, तळं, कुंड, लिफ्ट, आणि मला ते गिळावं लागतं. मला हे आवडत नाही. शैलावहिनी, तुम्ही मला विचारलंसुद्धा नव्हतं. मग तो थकतो, खुर्ची ओढून बसतो, आणि वरणभात खाऊन जातो. जाताना विचारतो, पुढच्या रविवारी घरी आहेस ना?

कुठेतरी म्हणून टाकल्याशिवाय मला श्वास घेता येईना, म्हणून इथे लिहिलं. केदारला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या नातलगांपैकी जे हे वाचतील त्यांना एवढंच सांगणं आहे, की कृपा करून त्याला वाचून दाखवू नका.