कॅनडातून उठलो, जमनाच्या जागेवर बसलो

हॅलिफॅक्सच्या विमानतळावर माझा मुलगा नितेश माझ्याशी बोलत नव्हता. बॅगा त्यानंच गाडीतून काढल्या, तोंड मात्र शिंपल्यासारखं मिटलेलं. शेवटी सूनबाई बोलली.

"बाबा, अजून विचार करा. कार्ड येईपर्यंत तरी थांबा ना."

मी म्हटलं, "कार्ड थांबेल. वर्ष नाही थांबणार."

आमच्या भाईंदरच्या वाचणाऱ्यांना हे कार्ड म्हणजे काय ते सांगतो. पोरगा तिथला झाला, त्यानं आम्हा दोघांना कायमचं बोलवायचा अर्ज केला. दोघांचे फोटो काढले, दोघांची डॉक्टरी झाली. कागद आला तो एकाचाच. मधल्या काळात माझी बायको जमना गेली. मी एकटा जाऊन उतरलो. टोरांटोच्या साहेबानं शिक्का मारला, "वेलकम" म्हणाला. त्या दिवसापासून मी तिथला कायमचा रहिवासी. पण त्याचं कार्ड पोस्टानं घरी येतं, त्याला वेळ लागतो. देश सोडून जाताना तुम्हाला कोणी अडवत नाही. परत येताना कार्ड नसलं तर विमानवाला चढू देत नाही. मग इकडून वेगळा कागद मागवायचा, हेलपाटे घालायचे. नितेशला त्याचीच धास्ती.

"अडकाल तिकडे," तो म्हणाला होता.

"अडकलो तर माझ्याच घरात अडकेन. कुणाच्या बापाच्या नाही."

त्यावर त्यानं माझ्या बॅगा उचलून गाडीत टाकल्या.

मला जायचं होतं ते जमनाच्या जागेसाठी. जुन्या भाईंदरच्या बाजारात मासळीच्या ओट्यावर तिची जागा. तिच्या सासूची होती, म्हणजे माझ्या आईची, त्याआधी आजीची. आमच्यात रीत अशी, की जागेची बाई गेली तर वर्षभर जागेला बाहेरचं कोणी हात लावत नाही. वर्ष भरायच्या आत घरातलं कोणी येऊन बसलं तर जागा त्या घराची. नाहीतर दुसऱ्या घरात जाते. आम्हाला मुलगी नाही. सून हॅलिफॅक्सला बँकेत. वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते. म्हणून मी.

हॅलिफॅक्स वाईट नाही, खोटं कशाला बोलू. समुद्र आहे, बंदर आहे, बोटी आपल्यापेक्षा मोठ्या. पण धक्क्यावर उभं राहून मी नाक ओढून पाहिलं, वासच नाही. दुकानात मासा मिळतो त्याला डोकं नाही, काटा नाही, दगडासारखा गोठलेला. मी त्या दुकानदाराला विचारलं, "मासा कुठाय?" तो हसला. मी हसलो नाही.

विमानं बदलत मुंबईला उतरलो. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून नितेशनं दिलेला जाडा कोट मी अंगातच घातला होता. त्यात मी चुकून परदेशी लोकांच्या रांगेत उभा. एका पोलिसानं दंडाला धरून आपल्या रांगेत आणलं. काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट चाळला.

"चाचा, पिछले महीने तो गये थे. इतनी जल्दी वापस? पसंद नहीं आया?"

"पसंद आया. इधर काम है."

"इस उमर में क्या काम?"

"मच्छी बेचना है," मी म्हटलं. त्यानं शिक्का मारला आणि मागच्याला हाक मारली.

टॅक्सीवाला सारखा आरशातून बघत होता. घामानं माझी आंघोळ झालेली. "चाचा, बुखार है क्या?" मी कोट काढून मागच्या सीटवर टाकला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. काशीमिरा आलं, मेट्रोचे खांब आले, मीरा रोडच्या बिल्डिंगी आल्या. माझ्या लहानपणी तिथं मिठागरं होती, पांढरे ढीग दिसायचे. आता खिडक्याच खिडक्या. भाईंदरच्या पुलावर खाडीचा वास आला तसा त्यानं काच वर घेतली. मी म्हटलं, "नीचे कर." तो म्हणाला, "बदबू है." मी म्हटलं, "तेरे को बदबू है. मेरा घर है."

घराचं कुलूप खाऱ्या हवेनं गंजून धरलेलं. चावी अर्धी फिरली आणि तुटली. शेजारच्या वहिनींचा हातोडा आणून स्वतःच्याच घराचं कुलूप चोरासारखं फोडलं. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट होती, एवढंच लिहितो.

वहिनी उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "बरं झालं आलात. काशीबाय मंजुळेच्या सुनेला जागा द्यायची म्हणते."

काशीबाय ही बाजारातली सगळ्यांत जुनी बाई. तिचा शब्द शेवटचा. आणि मंजुळा म्हणजे जमनाच्या शेजारच्या जागेची. दोघी लग्न होऊन आल्या तशा मांडीला मांडी लावून बसल्या, रोज भांडल्या, रोज एका डब्यातून जेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तनच्या बसमध्ये बसलो. राई, मुर्धा, मोर्वा करत बस समुद्राकडे जाते. रस्त्याला वलांड्या (बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या) लागतात. बोंबील जबड्यात जबडा अडकवून लोंबत असतात, वाऱ्यावर हलतात. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरीनं नाकाला रुमाल लावला. मी मुद्दाम खिडकी उघडली. उत्तनच्या बंदरावर ओळखीची बोट लागलेली. तिच्या तांडेलानं (बोटीचा मुख्य) मला पाहून कपाळाला हात लावला.

"धर्मा, तू तर कॅनडाला गेला होतास!"

"आलो. बोंबील दे, मांदेली दे."

"किती? घरी खायला?"

"विकायला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आमच्यात बाप्या (पुरुष) दर्यावर जातो. मासळी बंदरात उतरली की त्याचं काम संपलं. पुढचं सगळं बाईचं. बाजारात ओट्यावर बसलेला बाप्या मी स्वतःही आयुष्यात पाहिला नव्हता.

बाजारात जमनाच्या जागेवर मंजुळेची रिकामी टोपली ठेवलेली. मी ती उचलून तिच्या पुढ्यात ठेवली आणि बसलो. ओट्यावरच्या सगळ्या बाया वळून बघू लागल्या. मग सुरू झाल्या.

"ओ कॅनडावाले! वाट चुकलात काय? इमानतळ तिकडं हाय!"

"लुगडं नेसून तरी यायचंस, दादा!"

मंजुळा हसली नाही. म्हणाली, "ऊठ. ही बायांची जागा हाय."

"ही माझ्या घरातली जागा आहे. वर्ष भरलं नाही अजून. मी घरातला नाही का?"

काशीबायनं पानाची पिंक टाकली. "बाप्यानं मासळी मारायची, बाईनं इकायची. तुला इकता येते का?"

"येईल."

"बघू. वर्ष भरेपर्यंत बस. इकता आली तर बोलू."

मी बोंबलांचे वाटे (विक्रीचे छोटे ढीग) लावले. आयुष्यभर लावत आलो तसेच. बोटीवर मासळीचे वाटे खलाशांत पडतात, तेव्हा प्रत्येकात मोठे किती, बारीक किती, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सारखं करायचं, नाहीतर मारामारी होते. मी तसेच केले, मोकळे, पसरून. गिऱ्हाइकं माझ्याकडे तुटून पडली. "इधर देखो, अंकल का माल अच्छा है." उन्हं चढायच्या आत टोपली रिकामी. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यात एका बाईनं मंजुळेच्या पाटीवरची सुरमई दाखवून मला विचारलं, "काका, ताजी आहे का हो?" मी म्हटलं, "कालची आहे." खरं ते बोललो. पुढं काय झालं ते अंकात छापता येणार नाही. मंजुळेनं माझ्या सात पिढ्यांची नावं घेतली, त्यातल्या दोन मलाही माहीत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मीरा रोडच्या नया नगरहून एक बाई आली. पिशवी पुढं करून म्हणाली, "चाचा, अम्मा नहीं आयी? बीमार है क्या? मैं मायके गयी थी, सालभर बाद आयी."

मला घुमवून सांगता येत नाही. म्हटलं, "अम्मा मर गयी. साल हो रहा है. मैं उसका आदमी. क्या दूँ?"

ती ओट्याच्या कडेला बसलीच. पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "मेरे लिए अंडेवाली मच्छी अलग निकाल के रखती थी. मेरी डिलिव्हरी के टाइम घर आके दे गयी थी. पैसा नहीं लिया."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जमना अंगाला वास घेऊन घरी यायची, भाकऱ्या थापायची, कोण आलं कोण गेलं हे कधी सांगायची नाही. मीही दर्यावरचं सांगायचो नाही. मी गाभोळी (माशाची अंडी) असलेली मासळी शोधायला लागलो. मला ती पोट दाबून ओळखता येईना. एकामागून एक मासा उचलून बघतोय, गिऱ्हाईक खोळंबलंय.

मंजुळा ताडकन उठली. माझ्या हातातला मासा हिसकला.

"दे इकडं! जमनाच्या जागेची काय शोभा लावलीस! लोकांनी काय म्हणावं, या जागेवर असा गबाळा बसतो?" तिनं अंगठ्यानं दोन माशांची पोटं चाचपली आणि बरोबर अंडेवाले काढून त्या बाईला दिले. मग माझे सगळे वाटे मोडले. "हे काय बोटीवर वाटणी चाललीय? मोठा वर. बारीक खाली. शेपट्या आपल्याकडं. तोंडं गिऱ्हाइकाकडं. पाणी मार. इतकं न्हाय, मेल्या, मासा मेलाय, त्याला पोहायचं न्हाय!"

सगळा ओटा हसला. मीही हसलो. वाटे लागले आणि मी बघत राहिलो. तंतोतंत जमनाची मांडणी. मंजुळा पण बघत होती. तिनं हात पुसले आणि तोंड फिरवलं.

तेव्हा काशीबाय बोलली. "मंजुळे, काय केलंस कळलं का तुला?"

"काय केलं?"

"परक्याला कोण मांडायला शिकवत न्हाय. तू शिकवलंस. म्हंजे तूच याला ओट्यावर घेतलास. आता तुझी सून इथं कशी बसल?"

मंजुळेनं हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. मग मला म्हणाली, "कॅनडाचं पाणी पिऊन आलास, लबाडा, माझ्या हातानंच माझा गळा कापलास."

मी म्हटलं, "मी मागितलं नव्हतं शिकव म्हणून."

वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी सकाळी विधी करून मी बाजारात जाऊन बसलो. काशीबायनं जागा माझ्या घराची म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं. पण फुकट नाही. अट घातली. "दर मोसमाला येऊन बसायचं. एक मोसम चुकला की जागा गेली. मुलाकडं राहतो न् जागा अडवून ठेवतो, ते चालायचं न्हाय."

मला हसूच आलं. कॅनडाचं सरकारही हेच म्हणतं. पाच वर्षांत दोन वर्षं येऊन राहा, नाहीतर कार्ड गेलं. ते इंग्रजीत म्हणतात, काशीबाय पान चावत म्हणते. मी दोघांनाही हो म्हटलं.

मंजुळेला मी म्हटलं, "मी तिकडे असेन तेव्हा तुझ्या सुनेला बसव. मी आलो की तिनं उठायचं."

"उठवून दाखव," मंजुळा म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसवली. पोर चांगली आहे. तिलाही मांडता येत नाही.

नाताळला नितेशचा एक मित्र गावी आला, त्याच्या हाती कार्ड आलं. पोरानं सोबत चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त कार्ड पाठवलं. राग अजून होता. मी होळी गावात केली, होळीला नैवेद्य दाखवला, मग निघालो. टोरांटोला काउंटरवरच्या बाईनं कार्ड बघितलं, इतके महिने काय करत होता असं विचारलं. शेजारच्या गुजराती माणसानं मला ते सांगितलं. मी म्हटलं, "वर्क." तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मी परत म्हटलं, "वर्क." तिनं कार्ड परत दिलं.

हॅलिफॅक्सला बर्फ होता. नितेश घ्यायला आला होता. गाडीत बोलला.

"झालं ना मनासारखं? आता इथंच ना?"

"नारळी पौर्णिमेला निघणार. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठते, मोसम लागतो."

"बाबा, माझे मित्र विचारतात. मुलगा इथे आणि बाप बाजारात मासे विकतो. काय सांगू त्यांना?"

"खरं सांग."

त्यानं नजर रस्त्याकडे वळवली. पण घर आल्यावर, बॅग काढताना, हळूच म्हणाला, "आईची जागा... मधली ना? मंजुळाकाकीच्या बाजूची?"

"तीच."

"शाळा सुटल्यावर मी तिथंच झोपायचो. तिच्या पाठीमागे, गोणपाटावर."

"मग येऊन बस एकदा. माझ्यामागं त्या जागेवर तूच घरातला."

त्यानं हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. दार उघडून धरलं आणि मी आत गेलो.

जमना गेली तेव्हा सगळे मला सांगत होते, आता म्हातारपणी सगळं सोड आणि मुलाकडे जा. मी मुलाकडे आलोय. सोडलं मात्र काही नाही.